डावा आरसा

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना नापास केलं. हे मी कौतुकाने सांगत नाही. बाजारात, दवाखान्यात, लग्नात, कुठेही गेलो की एखादा तरी गृहस्थ ह्यांच्याकडे डोळे वटारून बघायचा. "ह्याला चढावर नापास केला होता," हे माझ्या कानात सांगायचे आणि समाधानाने जेवायला बसायचे. ओळख नाही, वशिला नाही, दया तर नाहीच.

त्या तडाख्यात मीही सापडले. लग्नानंतर चौथ्या वर्षी मी परीक्षेला बसले. बायकोची परीक्षा आपणच घेणं बरं दिसत नाही म्हणून ह्यांनी एका सहकाऱ्याला पुढे केलं आणि माझ्यासमोरच त्याला बजावलं, "घरचं माणूस म्हणून सूट देऊ नकोस." त्याने दिली नाही. वळताना डावा आरसा बघितला नाही म्हणून नापास. संध्याकाळी घरी आल्यावर हे म्हणाले, "बरोबरच केलं त्याने." त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावला नाही. माझा राग असाच आहे, धरला की सुटत नाही.

आमच्याकडे भांडण म्हणजे आदळआपट नसते, अबोला असतो. त्याचेही नियम होते, अर्थात ह्यांनीच केलेले. ज्याने धरला त्यानेच सोडायचा, दुसऱ्याने मध्येच लाडीगोडी लावायची नाही. आमचा सगळ्यांत मोठा अबोला एकोणीस दिवसांचा, पडद्यांच्या रंगावरून. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. "आई, बाबा विचारतायत छत्री कुठेय" असे निरोप पोहोचवून ती इतकी वैतागली की शेवटी तिनेच आम्हा दोघांशी अबोला धरला. आणि गंमत बघा, बोलणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मोठ्या बसस्थानकावर मी घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कोणाचं पोर हरवलंय. सत्तावीस वर्षं दिवसभर गावाशी बोलले आणि घरी येऊन एका माणसासमोर तोंड मिटून बसले. दोन्ही मला सारखंच चांगलं जमायचं.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना काचबिंदू सांगितला. उजवा डोळा शाबूत, डावा जवळजवळ गेलेला. "डाव्या बाजूचं तुम्हाला दिसणार नाही. गाडी आता बंद करा," डॉक्टर म्हणाले. हे म्हणाले, "समोरचं दिसतंय ना?" आणि बाहेर येऊन सरळ गाडीत बसले. मी शेजारी बसले. पहिल्याच चौकात माझ्या तोंडून निघालं, "डावीकडे सायकल." हे म्हणाले, "हं," आणि वेग कमी केला. एवढंच. बसून काही ठरवलं नाही, कोणी कोणाला विनंती केली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना मी माझ्या जुन्या कामाच्या आवाजात सांगू लागले. डावीकडे टेम्पो, उभा. डावीकडे दोन बायका, एकीच्या कडेवर मूल. डावीकडे काही नाही. "काही नाही" हेसुद्धा सांगायचं, गप्प बसायचं नाही, हा ह्यांचा नियम. मी गप्प बसले तर रस्ता मोकळा आहे की मला डुलकी लागलीय हे ह्यांना कसं कळणार?

दोन वर्षं आम्ही असं चालवलं. लेकीलाही पत्ता नव्हता. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला आतून बरं वाटायचं, हे खरं. ज्या माणसाने मला डाव्या आरशावरून नापास केलं, त्याचा डावा आरसा मी झाले होते.

पुढच्या महिन्यात ह्यांना सत्तर पूर्ण होणार होती. लायसन्सची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि नवीन काढायचं तर डोळे तपासून घ्यावे लागतात. हे स्वतःच तो कागद वर्षानुवर्षं लोकांपुढे सरकवत आलेले, त्यामुळे पुढे काय होणार हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. एका सकाळी ह्यांनी माळ्यावरून जुनी सर्फिंगची फळी खाली काढली. आमचं लग्न व्हायच्या आधी ह्यांची पहिली नेमणूक समुद्राकाठच्या एका छोट्या गावात होती, तिथे हे लाटेवर उभं राहायला शिकले होते, असं म्हणतात. मी कधी पाहिलं नाही. चाळीस वर्षं त्या फळीने आमच्या माळ्यावर गाद्यांची जागा अडवली.

"किनाऱ्याच्या रस्त्याने, शेवटच्या टोकापर्यंत," हे म्हणाले. "एकदाच. मग चावी तुझ्या हातात देतो."

हा माणूस खोटं बोलत नाही. मी बॅगा भरल्या.

पहिले चार दिवस फार छान गेले. रस्ता समुद्राला चिकटून, एका बाजूला माड आणि दुसऱ्या बाजूला पाणी. दर दोन-चार मैलांवर लाटांवर जगणारं एखादं गाव. कठड्यांवर वाळत घातलेले ओले कपडे, भिंतींना टेकवलेल्या फळ्या, फळ्यांना ठिगळं लावणाऱ्या दुकानांतून येणारा डोकं उठवणारा राळेचा वास. आम्ही उतरायचो त्या खोल्यांमध्ये कितीही झटकलं तरी चादरीत वाळू, आणि न्हाणीघरात कोणीतरी विसरलेली चप्पल. नाकं सोललेली तरुण पोरं आमच्या टपावरची फळी बघून हसायची. एकाने विचारलं, "आजोबा, ही संग्रहालयातून आणली का?" हे म्हणाले, "तुझं लायसन्स दाखव आधी."

समुद्र जाताना सगळा वेळ डावीकडे होता.

ते दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. हे मध्येच विचारायचे, "लाटा कशा आहेत?" पहिल्यांदा मला वाटलं, गप्पा मारायला विचारतायत. मग कळलं की ज्याच्यासाठी एवढा आटापिटा करून आलो, ते गाडी चालवताना ह्यांना दिसतच नाही. मी घोषणा चालू ठेवली. "तीन आल्या, एकामागून एक. तिसरी मोठी. एक मुलगी उभी राहिली. उभी आहे, उभी आहे, पडली."

"गुडघे वाकवले नसणार. नापास," हे म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

पाचव्या दिवशी एक कुत्रं डावीकडून धावत आलं. मी ओरडले, ह्यांनी ब्रेक दाबला, कुत्रं निसटलं. हे म्हणाले, "उशिरा सांगितलंस." मी म्हटलं, "ते उशिरा आलं." पण त्या दुपारी खोलीच्या व्हरांड्यात बसून मी विचार करत राहिले. कुत्र्याच्या जागी पोर असतं तर? हे आत झोपले होते. मी लेकीला फोन लावला आणि दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला दोघांना वेड लागलंय का?"

सहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना ह्यांचा फोन वाजला. लेकीचा आवाज मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होता. "बाबा, गाडी आहे तिथेच उभी करा. मी उद्या येते." ह्यांनी फोन ठेवला आणि कप बशीत नीट मध्यभागी ठेवला.

"तू सांगितलंस."

"हो."

"माझ्या पाठीमागे."

"मग काय समोर सांगू? समोर सांगितलेलं ऐकता का तुम्ही?"

"एक दिवस राहिला होता," हे म्हणाले. "फक्त एक दिवस. संध्याकाळी टोकाला पोहोचलो असतो." आणि मग हे म्हणाले, "स्वतःला कधी डावा आरसा बघता आला नाही, आणि निघाली माझं लायसन्स काढून घ्यायला."

छत्तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ठीक आहे. आता तुमचं तुम्हीच बघा. माझं तोंड बंद."

म्हणजे अबोला मी धरला. तो सोडायचाही मीच होता.

ह्यांनी बॅगा उचलून गाडीत टाकल्या, दोऱ्या आवळल्या, चावी फिरवली. मी बाहेर उभं राहायला हवं होतं. गाडीपुढे आडवं पडायला हवं होतं, तमाशा करायला हवा होता. मी आत बसले. एकटं कसं सोडायचं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तेही होतंच. पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, माझ्याशिवाय हे किती लांब जातात ते. एखाद्या दगडाला घासावी, एखादं झुडूप ओरबाडावं, पत्रा चेपावा आणि ह्यांनी माझ्याकडे वळून म्हणावं, "बोल गं बाई." एवढंच हवं होतं मला.

हे दर थोड्या वेळाने मान पूर्ण डावीकडे वळवून बघत होते. हळूच चालवत होते. एक गाव गेलं, दुसरं गेलं. माझ्या जिभेवर शब्द आपोआप येत होते आणि मी ते गिळत होते. डावीकडे सायकल. डावीकडे भाजीची गाडी. काही लागलं नाही, काही घासलं नाही, आणि मला त्याचाही राग येत होता.

तिसऱ्या गावाच्या वळणावर समोरून एक व्हॅन आली, टपावर फळ्यांचा ढीग, निम्मी आमच्या बाजूला. हे तिच्याकडे बघत गाडी डावीकडे घेऊ लागले. रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती. आमच्याकडे पाठ, पन्नाशी उलटलेली, ओले केस, काखेत लांब पिवळी फळी. मला ती स्वच्छ दिसली. केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं, तेसुद्धा दिसलं. मी श्वास आत घेतला. शब्द तोंडात आला. आणि मी थांबले.

फळीचं टोक आमच्या डाव्या आरशावर आदळलं. आरसा तुटून काचेवर आला, फळी गरकन फिरली आणि ती बाई गटाराच्या दगडी काठावर खांद्यावर पडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फळ्यांच्या दुकानातून माणसं धावत आली. "मास्तरीण! मास्तरीण पडली!" ती गावची पोहण्याची आणि सर्फिंगची मास्तरीण होती. पंचवीस वर्षं त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला तिने पाण्यात उतरवलं होतं, हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, पट्टी कापता कापता, माझ्याकडे न बघता. खांद्याचं हाड सांध्यापाशी मोडलं होतं. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण हात डोक्याच्या वर जाईल की नाही ते आज सांगता येत नाही. पाणी कापायला हात डोक्याच्या वर जावा लागतो, एवढं तर मलाही कळत होतं.

हवालदार कागद घेऊन बाकावर बसला. हे त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, परीक्षेला आलेली पोरं ह्यांच्यासमोर उभी राहायची तसे.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. दोन वर्षांपूर्वी." लायसन्स काढून ह्यांनी आपणहून बाकावर ठेवलं.

"बाई शेजारीच होत्या ना? त्यांनी पाहिलं नाही?"

"ती झोपली होती."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. सख्ख्या भाच्यालासुद्धा दोन गुण वाढवून न देणारा हा माणूस, सरकारी कागदावर खोटं लिहवून घेत होता, माझ्यासाठी.

"मी जागी होते," मी म्हटलं. "मला ती दिसली होती. ह्यांना डावीकडचं मीच सांगते रोज. आज सांगितलं नाही. आमचं भांडण झालं होतं."

हवालदाराने पेन थांबवलं. आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, गाडी कोण चालवत होतं?"

"हे."

"मग तुमचं ह्यात काही येत नाही," तो म्हणाला आणि पुढची ओळ लिहू लागला.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान कोणीतरी माझ्यावर ओरडेल. मी उठून आत गेले. मास्तरीण पलंगावर पडली होती, हात छातीशी बांधलेला, चेहरा पांढराफटक. मी कोण ते सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"किती वेळ दिसत होते मी तुम्हाला?" तिने विचारलं.

"दोन सेकंद. फार तर तीन."

"आणि भांडण कशावरून होतं?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. छत्तीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेवरून? आरशावरून? मी म्हटलं, "ह्यांनी मला टोमणा मारला."

तिने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिकवणारी माणसं एखाद्या पोराला परत परत सांगूनही कळलं नाही की जशी बघतात, तसं. "आता जा तुम्ही," ती म्हणाली.

बाहेर बाकावर हे एकटेच बसले होते. खिडकीतून पोलीस चौकीपुढे लावलेली आमची गाडी दिसत होती. टपावर फळी तशीच, डाव्या बाजूला आरशाच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. मी ह्यांच्या शेजारी बसले, सवयीने डावीकडे.

"झोपली होती असं का सांगितलंत?" मी विचारलं. अबोला कधी सुटला ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं.

ह्यांनी हातातलं रिकामं पाकीट उघडून मिटलं. मग म्हणाले, "तू श्वास घेतलास. मला ऐकू आला."

"काय?"

"दोन वर्षं ऐकतोय. सांगायच्या आधी तू श्वास घेतेस. कुत्रं आलं तेव्हाही घेतला होतास. मला कळलं, डावीकडे काहीतरी आहे."

"मग ब्रेक का नाही दाबलात?"

ह्यांनी उजवा पाय जमिनीवरून किंचित उचलला आणि परत ठेवला. "पाय उचलला होता. मनात आलं, आधी बोलू दे तिला. अबोला तिने धरलाय. मग आवाज झाला."

मी रडले. हे रडले नाहीत, पण ह्यांचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

लेक आली. पोलीस, दवाखाना, कागद सगळं तिने अंगावर घेतलं आणि आम्हाला परतीच्या बसमध्ये बसवलं. जाण्याआधी हे मास्तरणीला भेटून आले. आमची फळी तिने घेतली नाही. "माझ्या पोरांना चालेल अशी नाहीये ती," एवढंच म्हणाली. ह्यांनी तिला काय सांगितलं, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बसमध्ये आम्हाला चालकाच्या मागची जागा मिळाली. हे खिडकीशी, मी ह्यांच्या डावीकडे. बस सुटली, गाव संपलं आणि समुद्र आला. उजवीकडे. ह्यांच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला, खिडकी भरून. हे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "लाटा कशा आहेत?"

"चांगल्या आहेत," हे म्हणाले. "तू सांगितल्यास तशाच आहेत."

समोरच्या काचेतून मला रस्ता दिसत होता. बघू नये असं ठरवूनही मी बघत होते. बस एका वळणाला लागली. रस्त्याच्या डाव्या कडेने एक मुलगी चालली होती, आमच्याकडे पाठ, काखेत फळी. चालकाला ती केव्हाच दिसली होती, त्याने हॉर्न वाजवून बस रस्त्याच्या मधोमध घेतलीसुद्धा होती. पण माझा श्वास आत गेला.

त्याच क्षणी माझ्या शेजारी धाडकन आवाज झाला. ह्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर आपटला होता. तोंड समुद्राकडेच होतं, पण पाय सगळा जोर लावून खाली दाबलेला.

"डावीकडे मुलगी," मी म्हटलं. फलाटावरच्या त्या जुन्या, मोठ्या आवाजात. सगळी बस वळून बघू लागली. "काखेत फळी. डाव्या कडेने चालतेय."

"हं," हे म्हणाले. ती मुलगी मागे पडली, वळण संपलं, आणि मी "डावीकडे काही नाही" म्हणेपर्यंत ह्यांनी पाय उचलला नाही.